तलाठ्याचं पथ्य

छापून जाण्याआधी बातमीतली चूक पकडणारा माणूस निपाणीत एकच आहे, आणि तो मी. हे मी म्हणत नाही, आमच्या दैनिकाचे बेळगावचे वृत्तसंपादक म्हणतात. मी फक्त ते चारचौघांना सांगतो. तंबाखूचा दर, यात्रेची तारीख, वारलेल्या माणसाचं वय, यांत माझ्या हातून कधी फरक पडलेला नाही. तेव्हा कुत्र्याच्या जेवणासारख्या किरकोळ विषयात गोमटेश चुकेल, अशी शंका कुणालाच यायचं कारण नव्हतं. मला तर नव्हतंच.

कुत्र्याचं नाव तलाठी. लहानपणापासून तो रोज सकाळी गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन उभा राहतो, आत डोकावतो, काही मिळालं तर घेतो आणि पुढच्या घराकडे वळतो. ही पद्धत पाहून माझ्या वडिलांनी, म्हणजे बाबगोंडाआप्पांनी, त्याचं बारसं केलं. आप्पा आता नाहीत. तलाठी अकरा वर्षांचा झालाय. तोंड पांढरं पडलंय, आणि बसायचं झालं तर आधी थोडा विचार करतो. घरात माझी आई शालनआक्का, शाळेत शिकवणारी बायको प्रिया आणि मी. मुलगी दिव्या बंगळूरला नोकरी करते आणि तिथूनच तलाठ्याची काळजी घेते, म्हणजे कुरिअरनं त्याच्या खाण्याची पिशवी पाठवते. पिशवीवर शाकाहाराचं हिरवं टिंब असतं. आमचं घर जैन. टिंब नसतं तर पिशवीला उंबरा ओलांडता आला नसता.

एके दिवशी एजन्सीकडून बातमी आली. लांबच्या कुठल्याशा शहरात कुत्र्यांच्या तयार खाण्यात बुरशीचं विष सापडलं होतं आणि काही कुत्री आजारी पडली होती. मी ती कापून चार ओळींची केली आणि आतल्या पानावर, अगदी तळाला लावली. मग मला आमची पिशवी आठवली.

घरी येऊन चष्मा लावून पिशवी उलटीपालटी केली. बातमीत कंपनीचं नाव नव्हतं. पिशवीवर लॉट नंबर नव्हता, कारण तो ज्या पट्टीवर छापलेला असतो ती पट्टी आईनं तोंड उघडताना कात्रीनं कापून चुलीत घातली होती. पुरावा नसेल तर संशयिताला सोडून द्यायचं असतं, हे मी कोर्टाच्या बातम्या करून शिकलोय. पण इथं साक्षीदार मुका होता आणि शेपूट हलवत होता.

"आई, हे खाणं बंद."

"का रं? चांगलं कुरूकुरू खातंय की."

"त्यात विष असू शकतं."

"दिव्यानं पाठवलंय ते."

"दिव्यानं विष घातलंय असं मी म्हणत नाही."

"मग काय म्हणतूस ते नीट सांग. पेपरासारखं बोलू नगोस."

पुढचे काही दिवस मी या विषयाचा अभ्यास केला. कुत्र्यांना काय चालतं, काय चालत नाही, कुणाचा सल्ला धरायचा, कुणाचा सोडायचा. मग आईला समोर बसवून निष्कर्ष सांगितले. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"कांदा आणि लसूण कुत्र्याला अजिबात द्यायचा नाही. विषासारखा आहे."

"माणसाला तरी कुठं देतूय आम्ही?"

"कच्ची अंडी, शिळं मांस नको."

आईनं शेंगांची बुट्टी उचलली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

"द्राक्षं आणि मनुका नको. चॉकलेट तर मुळीच नको."

"चॉकलेट ह्या घरात तूच खातूस. कपाटात लपवून."

एकूण असं दिसलं की जगभरचे कुत्र्यांचे डॉक्टर जे टाळायला सांगतात, त्यातलं बहुतेक आमच्या घरानं पिढ्यान्पिढ्या टाळलेलं आहे. एखाद्यानं एवढ्यावर थांबून समाधान मानलं असतं. मी योजना आखली. तलाठ्याचं जेवण मी स्वतः करणार. दिवसातून एकदाच, मोजून, ठरलेल्या वेळी, माझ्या डोळ्यांदेखत. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचलून ठेवायचं, म्हणजे भूक लागते आणि अन्नही खराब होत नाही. बाकी सगळा जिन्नस, अगदी ज्वारीच्या पिठाचा डबासुद्धा, तपासून होईपर्यंत कपाटात कुलूपबंद. पिठालाही बुरशी लागू शकते. आई-प्रियाच्या भाकरीसाठी मी दुकानातून बंद पिशवीतलं गव्हाचं पीठ आणून ठेवलं. किल्ली माझ्या खिशात.

प्रिया त्याच दिवशी सांबऱ्याला माहेरी निघाली होती. तिच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. खांद्याला पिशवी अडकवून दारातून ती म्हणाली, "तलाठ्याचं काय ते आईंना विचारून करा."

"सगळं ठरलंय," मी म्हणालो.

"म्हणूनच सांगते," असं म्हणून ती गेली.

मग मी गल्लीत फिरून प्रत्येक घरी सांगितलं की तलाठ्याला काही घालू नका. बाकीच्यांनी मान हलवली. शेजारच्या नागुबाईंनी भाकरी थापता थापता हात थांबवला.

"माझ्या भाकरीत काय वीष हाय व्हय?"

"तसं नाही. धान्य कुठून आलंय, कसं साठवलंय, हे कळल्याशिवाय..."

"ज्वारी माझ्या म्हायेरची हाय. माझ्या भावानं पेरल्याली. बोलवू भावाला? तपासतूस?"

दार बंद झालं. त्या दिवसापासून तलाठी आमच्या फाटकाच्या आत राहायला लागला. सकाळी फेरीच्या वेळेला तो फाटकाच्या गजांतून नाक बाहेर काढून गल्लीकडे बघत बसायचा, बदली झालेल्या माणसासारखा.

पहिल्या दिवशी मी लाल भोपळा, तांदूळ आणि पनीर शिजवलं. कृतीत गाजर होतं, पण जमिनीखालचं काही आमच्या स्वयंपाकघरात येत नाही. मीठ नाही, फोडणी नाही. सगळं तोलून घेतलं. मी ऑफिसातून सातच्या सुमाराला येतो, शिजायला आणि निवायला वेळ लागतो, म्हणून वेळ ठरवली पावणेआठ. आई तेव्हा बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, आरतीला गेलेली असते. घर शांत. मी भांडं ठेवलं आणि बाजूला खुर्ची टाकून बसलो.

तलाठी आला. भांड्याचा वास घेतला. माझ्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा वास घेतला. मग बाहेरच्या पायरीकडे पाहिलं आणि अतिशय सभ्यपणे, एखाद्या लग्नात नको असलेला लाडू नाकारावा तसा, वळून आपल्या पोत्यावर जाऊन बसला.

अर्ध्या तासानं मी भांडं उचललं. सकाळी ते गरम पाण्यानं घासून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मुगाची खिचडी. तिसऱ्या दिवशी दहीभात. मग नाचणी. मग पनीरचे तुकडे वर. जर्मनचं भांडं बदलून स्टीलचं आणलं. जागा बदलली, मागच्या सोप्यातून पुढच्या सोप्यात. बातमी बसत नसेल तर मथळा बदलावा, फोटो बदलावा, कॉलम बदलावा, ही आमची रोजची सवय. तलाठी रोज यायचा, वास घ्यायचा, ओशाळल्यासारखा कान पाडायचा आणि परत जायचा. पाणी प्यायचा, तेही आई फडक्यातून गाळून ठेवते तेच. परसात पडलेले पेरू खायचा. एवढंच.

आरतीहून आल्यावर आई विचारायची, "खाल्लं का आज?"

"नाही."

ती चप्पल काढून त्याच्याजवळ बसायची आणि कपाळावरून बोटं फिरवायची. असं काही दिवस झालं. मग एका संध्याकाळी ती हळू आवाजात म्हणाली, "गोमटेश, त्यानं अन्न सोडलंय."

"म्हणजे?"

"म्हातारा झालाय. आपल्या मनानं सोडलंय. तुझ्या आज्ज्यानं सोडलंतं तसं. आता त्याच्या म्होरं ताट नाचवू नगोस. पाप लागतं."

माझ्या आजोबांनी शेवटी सल्लेखना घेतली होती. हळूहळू अन्न कमी करत, सगळ्यांची क्षमा मागत ते शांतपणे गेले. मी तेव्हा शाळेत होतो. त्यांच्या खोलीतली शांतता मला अजून आठवते. ती आठवून मी तलाठ्याकडे पाहिलं. तोही शांत दिसत होता. 

आत जाऊन पाहिलं तर दुरडीत आईची संध्याकाळची भाकरी तशीच होती.

"तू का जेवली नाहीस?"

"आप्पा गेल्यापास्नं त्याच्यासंगट बसत होते. तू रात्री येतूस, प्रिया शाळेतनं आली की वह्या तपासती. मागच्या सोप्यात मी आन् तो. मी एक घास, त्याला एक घास. तू म्हणालास घालू नगोस, ते बंद झालं." तिनं लुगड्याचा पदर नीट केला. "एकटीला जात न्हाय रं. तो घेत न्हाय तवर मीबी संध्याकाळचं सोडलंय."

सकाळी ती एकदाच जेवत होती, तेही चिमणीसारखं. आईला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. मला पहिल्यांदा भीती वाटली. तलाठ्यासाठी वाटली आणि आईसाठी त्याहून जास्त.

मी तलाठ्याला रिक्षातून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर नागेंद्र गोकाकचे. त्यांनी त्याचे दात बघितले, पोट दाबलं, ताप घेतला, रक्त काढलं.

"ह्याला काही नाही," ते म्हणाले. "थोडा वाळलाय. बाकी माझ्यापेक्षा बरा आहे."

"मग खात का नाही?"

"आधी काय खात होता?"

"भाकरी-दूध. आणि पिशवीतलं."

"पिशवीचा संशय असेल तर ती सोडा. भाकरी-दूध द्या."

"पण पिठाची खात्री..."

"साहेब, तुम्ही ते पीठ खाता ना? वास बरा आहे ना? मग झालं. ह्या वयात शरीरापेक्षा मन बघायचं."

घरी आल्याबरोबर आईनं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

मी जे ऐकलं ते शब्द न बदलता सांगतो. धंद्याची शिस्त आहे. "शरीराला काही नाही म्हणाले. मन बघा म्हणाले." भाकरी-दुधाचं तेवढं गाळलं, कारण पीठ अजून तपासायचं होतं.

आईनं हात जोडले. "बघ. डॉक्टरला कळलं, तुला कळत न्हाय."

तासाभरात गल्लीला कळलं. नागुबाई रुसवा विसरून आल्या, तलाठ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, एकदा दूध सांडलंस म्हणून चप्पल मारलीती. मनात ठेवू नगोस." तलाठ्यानं त्यांचा हात चाटला आणि बोटं जरा जास्तच वेळ चाटली. त्या घरून भाकरी थापून आल्या होत्या. आईच्या डोळ्यांना पाणी आलं. "बघा नागुबाई, क्षमा केली."

दुसऱ्या दिवशी मारुतीरावांच्या पेपरात, म्हणजे आमच्या प्रतिस्पर्ध्याच्या पहिल्या पानावर, चौकट आली: 'निपाणीत श्वानाचा अन्नत्याग'. त्यांनी तलाठ्याचं वय चौदा छापलं होतं. मी आधी फोन करून ते दुरुस्त करायला सांगितलं. मग आमच्या बेळगावच्या वृत्तसंपादकांचा फोन आला.

"गोमटेश, बातमी तुमच्या घरात आणि छापतोय तो?"

"सर, खात्री झालेली नाही."

"कुत्रा तुमचा आहे ना?"

"हो."

"जेवत नाही ना?"

"हो."

"मग आणखी कसली खात्री हवी?"

मी फोन ठेवला. आज याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण त्यांना सांगायची हिंमत नाही.

रविवारी चिकोडीहून चुलतभाऊ जिनेंद्र गाडी करून आला. गाडीत आईच्या दोन बहिणी आणि त्याची सासू. चार वाजता अंगणात सतरंजी घातली. मधे पोत्यावर तलाठी. आई मंद आवाजात णमोकार मंत्र म्हणत होती. तलाठी उठायचा, एकेकाजवळ जायचा, पिशव्यांचा वास घ्यायचा, परत यायचा.

"निरोप घ्यायला लागलाय," जिनेंद्रची सासू म्हणाली.

आई पाणी आणायला उठली आणि खांबाला धरून उभी राहिली. मी धावलो. दंडाला धरलं तर हाताला काहीच लागेना, पोलक्याची नुसती बाही लागली. "काय न्हाय रं, जरा गरगरलं," ती म्हणाली. मी तिला खुर्चीत बसवलं. त्या क्षणी कुणी मला म्हणालं असतं की पिशवी, लॉट नंबर, भोपळा सगळं गिळून टाक, तर मी टाकलं असतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. प्रिया सांबऱ्याहून आली होती. उन्हं तांबडी झाली होती. अंगणातली माणसं बघून ती जागीच थांबली. पण तलाठी थांबला नाही. अन्नत्याग केलेला तो म्हातारा तिच्या अंगावर झेपावला, तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, तडक स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला आणि मागं वळून तिच्याकडे बघायला लागला.

"ह्याला भूक लागलीय," प्रिया म्हणाली.

"वहिनी, त्यानं अन्न सोडलंय," जिनेंद्र म्हणाला. "रोज ताट परत जातंय."

प्रियानं माझ्याकडे पाहिलं. "कधी देता त्याला?"

"पावणेआठला. रोज. एक मिनिट इकडं तिकडं नाही."

"सकाळी?"

"नाही, रात्री."

 सतरंजीवर बसलेल्यांपैकी एकानंही आयुष्यात दिवस मावळल्यावर घास तोंडात घातलेला नव्हता.

आईनं सावकाश माझ्याकडे मान वळवली. "रात्री? आन् सकाळी काय घालत होतास? रोज भांडं हातात दिसायचं तुझ्या."

"ते घासत होतो."

"म्हंजे दिवसाचं काय?"

"दिवसाचं काही नाही. एकदाच द्यायचं ठरलं होतं."

"अरे माझ्या कर्मा," आई म्हणाली, "दिवा लागल्यावर ते कधी खातंय व्हय? ह्या घरात वाढलंय ते. त्याला तू पंचपक्वान्न घातलंस तरी रात्री तोंड लावायचं न्हाय. तुला म्हाईत न्हाय?"

मला माहीत नव्हतं. मी गेली कित्येक वर्षं नऊला जेवतो. झाकून ठेवलेलं, गार झालेलं, एकटाच.

जिनेंद्रनं मोबाईल काढला. "दिवस मावळायला थोडाच वेळ हाय. उठा."

मी आयुष्यभर डेडलाइनवर काम केलंय. यंत्र थांबवून पान बदललंय. पण त्या अंगणातली धावपळ मी कुठल्याही छापखान्यात पाहिलेली नाही. दोन्ही मावश्या स्वयंपाकघरात शिरल्या. दूध मिळालं, तवा मिळाला, पीठ मिळेना.

"पीठ कुठं हाय?"

"कपाटात. कुलूप आहे."

"किल्ली?"

मी खिसे चाचपले. किल्ली ऑफिसच्या पँटमध्ये होती आणि ऑफिसची पँट इस्त्रीला गेली होती. आणि मी आणलेलं गव्हाचं पीठ कालच संपलं होतं. जिनेंद्रची सासू माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती त्या नजरेनं मी मोठमोठ्या चुका छापणाऱ्या माणसांकडे बघत आलोय.

तेव्हा भिंतीवरून नागुबाईंचा आवाज आला. "आक्का, भाकरी हाईत. पण तपासल्याल्या न्हाईत, सांगून ठेवते."

"द्या!" मी ओरडलो.

"तूच ये घ्यायला."

मी भिंतीवर चढलो. त्यांनी भाकऱ्यांची चवड माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. "कुठल्या ज्वारीच्या हाईत, इचार की."

"तुमच्या माहेरच्या."

"मग जा."

आईनं मागच्या सोप्यात बैठक मारली. भाकरी कुस्करली, दूध घातलं, जर्मनच्या जुन्याच भांड्यात. ऊन तंबाखूच्या वखारीच्या कौलांवर टेकलं होतं. तलाठी तिच्या गुडघ्याशी येऊन बसला, पण भांड्याकडे वळेना. तिच्याकडे बघत राहिला.  मला वाटलं, आता हेही नको का याला?

आईला कळलं. तिनं एक तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात घातला.

मग तलाठ्यानं मान खाली घातली आणि भांडं सोप्याभर सरकत जाईपर्यंत खाल्लं. थोडंच द्या, उपाशी पोट आहे, हळूहळू वाढवा, असं मी अभ्यासाच्या आधारानं सांगत होतो. कुणी ऐकत नव्हतं, पण आई हात आखडूनच वाढत होती. एक घास त्याला, एक घास तिला. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती त्याला रागावत होती, "सावकाश खा, मेल्या. कोण पळवून नेतंय?"

पाहुण्यांनीही उरलेल्या भाकऱ्या दुधाबरोबर उभ्या उभ्या खाल्ल्या. कौलांवरून ऊन उतरायच्या आत शेवटचा घास संपला. मी ते लांबूनच बघत होतो.

त्यानंतर जिनेंद्रच्या गाडीपर्यंत पाहुण्यांना पोचवलं, इस्त्रीवाल्याकडून किल्ली आणली, मारुतीरावांचा फोन टाळला आणि घरी आलो तेव्हा अंधार पडला होता. चूल बंद होती. नागुबाईंच्या भाकरीचा चतकोरसुद्धा उरला नव्हता. आई आरतीला न जाता तलाठ्याजवळ पोत्यावर आडवी झाली होती. किती दिवसांनी दोघं गाढ झोपली होती.

"तुमच्यासाठी काही ठेवायचं राहूनच गेलं हो," प्रिया म्हणाली. "कुकर लावू?"

"नको. तू दमलीस."

मी फ्रिज उघडला. आत एकच भांडं होतं, कालचं, माझ्याच हातचं. भोपळा, तांदूळ, पनीर. मीठ नाही, फोडणी नाही, सगळं तोललेलं. मी ते घेऊन मागच्या सोप्यात खुर्चीवर बसलो.

वासानं तलाठ्याला जाग आली. तो सावकाश उठला, माझ्याजवळ आला, भांडं हुंगलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्या गुडघ्याला एकदा नाक लावून तो पुन्हा आईजवळ जाऊन झोपला.

मी पहिला घास घेतला. घड्याळात पावणेआठ वाजत होते. आणि चवीबद्दल, अचूक वृत्तांत देणं हे माझं काम असल्यामुळे, एवढंच नोंदवतो: तलाठ्यानं वेळेसाठी नाकारलं नसतं, तरी चवीसाठी नाकारलं असतं.